गॅलरीच्या टोकावरून

विक्रोळी, १९८४

लवूदादा,

हे पत्र मी टाकणार नाही. तू बाबांशी भांडून, नोकरी सोडून मस्कतला गेलास, तेव्हाच त्यांनी बजावलंय, घरात तुझं नाव काढायचं नाही.

सेकंड शिफ्ट सुटतानाचं तुझ्या कंपनीचं गेट मी ऑइलमध्ये रंगवलंय, रात्रीच्या दिव्यांसकट; कोपऱ्यात आपलं घरही आहे. रेशनचं घासलेट ब्रश धुण्यात संपवलं म्हणून आईची बोलणी खाल्ली. बाबा चित्राला नाक लावून म्हणाले, "ह्यां काय? नुसते ठिपके!"

मी चिडले. "लांबून बघा ना!"

गॅलरीच्या टोकाला जाऊन ते वळले आणि डोळे बारीक करून बघू लागले. मग हळूच म्हणाले, "ह्येच्यात आमचो लवू खंय?"

मी गेटापाशी एक केशरी ठिपका ठेवला.

आज म्हणतात, "तेका जरा घराकडे सरकव गो."

रंग अजून ओलाच आहे, दादा. सरकवू ना?

ब्रश हातात घेऊन बसलेली,
मालन