मुंगीचे पाणी आणि पुढे ठेवलेला काटा

दिनांक : १२, बुधवार

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
शहर क्रीडा कार्यालय.

विषय : ज्युदोच्या बालवर्गात वजन उतरवण्यासाठी मुलांचे पाणी बंद केल्याबाबत व स्पर्धेचा वजनकाटा आधी तपासून मिळण्याबाबत.

संदर्भ : माझे मागील दोन अर्ज. पैकी पहिला आपल्याकडे ‘जिन्यातील दिवा’ या विषयाखाली नोंदला गेला आहे.

महोदय,

मी निवृत्त शिक्षक असून क्रीडागृहाच्या वरच्या खोलीत मुलांना विनामूल्य गणित शिकवतो. उदाहरण घालण्याआधी मी मुलांना कल्पना करायला सांगतो. तीच विनंती आपणास करतो. आपण नऊ वर्षांचे आहात. अंगात दोन स्वेटर, वर रेनकोट, खिडक्या बंद. घाम येईपर्यंत पळायचे आहे. घाम आला की आणखी पळायचे आहे.

१. माझ्या वर्गातल्या एका मुलीला सगळे मुंगी म्हणतात. सोमवारी तिला साधी वजाबाकी जमेना. ओठ फुटलेले, हातात बाटली, आणि दर दोन मिनिटांनी ती बाटलीत थुंकत होती. मी विचारले, “अगं, हा काय प्रकार?” ती म्हणाली, “आजोबा, थुंकीपण वजनात धरतात.” गेल्या आठवड्यात क्रीडागृहातल्या काट्यावर ती तीस किलो भरली होती आणि प्रशिक्षकांना ती अठ्ठावीसच्या गटात हवी होती.

२. मला काट्याचाच संशय आला. मी पिठाची दहा किलोची बंद पिशवी त्यावर ठेवली. बारा भरली. दुकानदाराचाही भरवसा नको म्हणून तीच पिशवी भाजीवाल्याकडे, भंगारवाल्याकडे आणि दवाखान्यात तोलून घेतली. तिन्ही ठिकाणी दहाच. दवाखान्यात माझाही रक्तदाब तपासण्यात आला.

३. प्रशिक्षकांना जाब विचारला. ते जराही न ओशाळता म्हणाले, “गुरुजी, आपण घड्याळ पुढे लावतो ना, तसा काटा एक किलो पुढे ठेवलाय. पोरं वेळेत सावध होतात.” मग दुसरा किलो कोणाचा? चौकशीअंती समजले, की आधीच्या प्रशिक्षकांनीही तो एक किलो पुढे ठेवला होता व जाताना कोणालाच सांगितले नव्हते. म्हणजे मुलगी मुळात अठ्ठावीसचीच होती. नसलेले वजन उतरवण्यासाठी ती पाच दिवस तहानली. आता तरी तिला पाणी मिळेल, असे मला वाटले. प्रशिक्षक मात्र खुलले. “मग आता सत्तावीस असेल. सव्वीसचा गट तर हातातच आहे की! तिथं दोनच पोरी आहेत.” काल संध्याकाळी ती जिन्यात चक्कर येऊन बसली.

४. पुढच्या आठवड्यातील स्पर्धेचा काटा आपल्या कार्यालयातून येणार आहे. तो किती पुढे आहे व कोणाकोणाच्या काळापासून, हे कृपया लेखी कळवावे. मी पिशवी घेऊन येण्यास तयार आहे.

५. क्रीडागृहात सूचना लावावी, की वाढत्या वयाच्या मुलांचे वजन स्पर्धेसाठी उतरवू नये. ज्या वजनाचे मूल, त्याच गटात खेळावे. सरावाच्या दोन तास आधी हलके जेवण. दर वीस मिनिटांनी थोडे पाणी, मागितले तर लगेच. रेनकोट पावसातच घालावा. चक्कर, डोकेदुखी किंवा गडद लघवी दिसली की सराव बंद करून मुलाला सावलीत बसवावे, पाणी द्यावे व डॉक्टरांना दाखवावे. ही सूचना चिकटवण्यासाठी प्रशिक्षकांच्या हाती देऊ नये.

६. मुलीचा प्रवेशअर्ज सोबत आहे. खाडाखोड केलेला अर्ज आपण स्वीकारत नाही, हे ठाऊक आहे, तरी हा स्वीकारावा. आज तिच्या आईसमोर मी तिला काट्याची सगळी वजाबाकी करून दाखवली. तिने गटाच्या रकान्यातला सव्वीस खोडून तीस लिहिले. अठ्ठावीसही चालेल, असे मी सुचवले. “नको,” ती म्हणाली, “मला जेवायचंय.” आईने शेजारी सही केली. मग मुलगी दोन पेले पाणी प्यायली आणि मुद्दाम ओठ न पुसता ती खाली प्रशिक्षकांसमोर जाऊन उभी राहिली.

लेखी उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र
(सही)
निवृत्त शिक्षक, क्रीडागृह, वरची खोली

सोबत : प्रवेशअर्ज एक, खाडाखोडीसह.