डावी स्प्रिंग

रविवार, फेब्रुवारी अखेर. संध्याकाळ.

काकतीच्या शेडमध्ये आज माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, स्वतः बांधलेल्या विमानाचं शेपटाकडचं चाक आम्ही उघडलं. सुकाणूपासून त्या चाकाला दोन स्प्रिंगा जोडलेल्या असतात, त्यांच्या ओढीने विमान जमिनीवर वळतं. उजवी ताठ होती. डावी मात्र माझ्या एका बोटाने ताणली गेली.

ती वडिलांच्या यंत्रमागाची. ते गेल्यावर शहापुरातला माग मोडीत दिला, तेव्हा अण्णाने तेवढीच ठेवून घेतली होती.

"बदलूया," मी म्हटलं.

"आप्पांची हाय ती. ऱ्हाऊ दे गं."

उद्या तो विमान पहिल्यांदा जमिनीवर पळवणार. डावीकडे वळलंच नाही तर? बोलू की नको... शेवटी मी म्हणाले, "एक सूत सैल पडलं तरी आप्पा अख्खा माग थांबवायचे. आठवतंय न्हवं?"

त्यानेही ती बोटाने ताणून पाहिली. मग म्हणाला, "लई शानी झालीस. पाना दे."

दोन्हीकडे नव्या स्प्रिंगा लावल्या. जुनी डावी त्याने पुसून शर्टाच्या खिशात ठेवली.

स्कूटरवरून परतताना त्याचा हात दोनदा त्या खिशाकडे गेला. मागे बसून मी रस्त्याकडेच बघत राहिले.