पेजेतली गोळी

प्रिय दादा,

आपल्या दोघांना आयुष्यभर एकाच गोष्टीची चीड आली: आपल्याला न विचारता आपलं भलं ठरवणाऱ्यांची. बाबांनी तुला सातवीतून काढून शेतात उभं केलं, मला न विचारता खर्डीला दिलं. त्यावर मी ग्रामसभांमध्ये तासन्तास बोलले आहे. फोनवर तू पहिल्याच वाक्याला कट करशील, म्हणून लिहिते.

मोडका पाय घेऊन तू मुरबाडच्या दवाखान्यातून निघून आलास आणि पाला बांधून घरी बसलास, याचा मला संताप आहे. हाड सरकलंय, ऑपरेशनशिवाय जुळणार नाही, हे तुला एक्स-रेच्या फोटोत दाखवलं होतं. तरी तुझं एकच, "त्या टेबलावर परत नाय जानार." पण त्याहून जास्त संताप माझा मलाच आहे. छपराची कौलं चाळताना पडलास त्या दिवशी टेबलावर पाय सरळ करताना मॉर्फिनचं इंजेक्शन देऊनही तू गुरासारखा ओरडत होतास. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "दारूचं अंग हाय गो, त्याला सुई काय लागनार!" आणि व्यसनमुक्तीवर भाषणं देणारी मी तुझ्या तोंडावर म्हणाले, "दादा, नाटकं पुरे." तू दात आवळून गप्प झालास.

ते नाटक नव्हतं. पाच महिने वहिनी तुझ्या सकाळच्या पेजेत दारू सोडवणारी नाल्ट्रेक्सोनची गोळी कुटून घालत होती. आणून देणारी मी. शहापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पेशंटला सांगूनच द्या. मी बेधडक म्हणाले, सांगितलंय. दवाखान्यात वहिनी घरून पेज आणायची, तीही तसलीच.

एसटी लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, तसं ते औषध आहे. दारू पोटात गेली की मेंदू स्वतःच अफूसारखं रसायन सोडतो. ते पेशींवरच्या ठरलेल्या जागी बसतं आणि बरं वाटल्याचा निरोप पुढे जातो. मॉर्फिनही त्याच जागी बसून दुखण्याचा निरोप अडवतं. गोळी त्या जागा धरून ठेवते. स्वतः निरोप देत नाही, दुसऱ्याला बसू देत नाही. म्हणून तुझी दारू बेचव झाली, आणि म्हणूनच इंजेक्शन वाया गेलं.

हे मला कळलं तेव्हा वहिनी म्हणाली, "त्यांना सांगू नका, ताई. मनानं सोडली म्हनून छाती काढून फिरतात." ते ऐकून मी आणखी चार दिवस तोंड शिवलं. ऐक, गोळी चव घालवते, पण दारूचा अड्डा टाळून सरळ घरी यायचं काम गोळी करत नाही. ते तूच केलंस.

मंगळवारपासून गोळी बंद आहे. दोन-तीन दिवसांत तिचा असर उतरतो, असं शहापूरचे डॉक्टर मला झापताना म्हणाले. आता मॉर्फिन लागू पडेल, कदाचित आधीपेक्षा जास्तच. म्हणून किती द्यायचं ते ठरवणाऱ्याला सगळं माहीत हवं. उरलेल्या गोळ्यांचं पाकीट सोबत ठेवलंय. पुढे गोळी घ्यायची की नाही, ते तू ठरव. माझ्याशी बोलू नकोस, भाऊबीजेला येऊ नकोस. पण सोमवारी सकाळी मुरबाडला जा, आणि कुणी सुई हातात घ्यायच्या आधी हे पाकीट भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात ठेव.

तुझीच,
अनिता