समुद्राच्या चित्रामागचा तडा

रहाटणी,
१९ जानेवारी २०२६

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. तुला नमस्कार लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही, ही आईने लावलेली सवय. आज त्या सवयीचाही राग येतोय. वहिनी आणि तेजू बऱ्या असतील. सासूबाईंचा उजवा हात आता थोडा हलतो, बाकी शरीर आहे तसंच. यांची या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे. थंडी बरीच पडलीय. झाली खुशाली.

फोन केला की तू "कंपनीत लाइनवर आहे, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. हे तुला मध्येच तोडता येणार नाही.

आधी त्या माशांच्या टाकीचं. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी तू टेम्पोत घालून ती घेऊन आलास. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, दिवसभर छताकडे बघत पडून असतात, तर त्यांना मासे बघून जरा बरं वाटेल, म्हणालास. मित्राने घर बदललं, त्याने दिली. तीन फुटी टाकी, खाली लोखंडी स्टँड, मागच्या काचेवर निळ्या समुद्राचं चित्र. आमच्या हॉलमध्ये जागा ती केवढी! सासूबाईंच्या कॉटच्या उशाशी तू स्वतः ती लावलीस, त्यांच्या पाया पडलास, चहा घेऊन गेलास. बिल्डिंगमधल्या बायकांना मी कौतुकाने सांगितलं की बघा, माझा भाऊ माझ्या सासूची किती काळजी करतो.

मासे आणायच्या आधी टाकी पुसायला घेतली, तर समुद्राचं एक टोक सुटलेलं दिसलं. चिकटवायला गेले आणि मागे तडा सापडला. ओरखडा नव्हे, चांगला तडा. एक जागा ठेचल्यासारखी फुटलेली, तिथून तीन दिशांना फाटे गेलेले आणि वरून सिलिकॉन फासलेलं. तुला फोन केला तर हसलास. "योगे, हलवताना लागलं असेल कुठेतरी. मी दिवसरात्र काठोकाठ भरून ठेवली होती, थेंब नाही गळला. कोपऱ्यात बघ, ओकेचं स्टिकर लावलंय." खरंच होतं. कंपनीत तपासून झालेल्या मालाला लावता ते, हिरवं, गोल. मला ती तुझी गंमत वाटली.

तेव्हापासून माझं डोकं त्या काचेत अडकलं होतं. हे म्हणाले, अर्धीच भरू. काळेवाडीच्या मासेवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवला, तर तो म्हणाला, "ताई, सिलिकॉन जोडाला असतं, तड्याला नसतं. अख्खी काच बदला, नाहीतर टाकीत कांदे-बटाटे ठेवा." शेजारच्या काकू म्हणाल्या, सख्ख्या भावाने दिलंय, तो काय वाईट देईल का? दीडशे लिटर पाणी, दादा. काच फुटली तर सगळं सासूबाईंच्या अंगावर, आणि त्यांना कूस बदलायची तर मला हाक मारावी लागते. एवढं दिसत असून माझं ठरत नव्हतं, कारण ते स्टिकर तू लावलं होतंस.

तू म्हणजे कोण, हे तुला आठवत नसेल तर सांगते. याच दिवाळीत जेवताना तू सांगत होतास. ब्रेकच्या एका पार्टला केसाएवढा तडा दिसला म्हणून तू अख्खा लॉट अडवलास. साहेब म्हणाला, लीक टेस्ट पास आहे, सोडून दे. तू म्हणालास, "साहेब, गळत नाही म्हणजे टिकेल असं नाही. त्या गाडीत कोणाची तरी बायकापोरं बसणार आहेत." आम्ही सगळे घास हातात धरून ऐकत होतो. विजूने कौतुकाने तुझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. तिच्या शेजारी आपला जावई सुजित मान डोलवत होता.

आता विजूचं लिहायला हवं. अजून थोडं टाकीचंच लिहीत बसावंसं वाटतंय, पण नको.

शनिवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मदत करायला म्हणून विजू वाकडहून लवकर आली. दारात चपला काढता काढता तिला टाकी दिसली. ती सरळ टाकीच्या मागे गेली आणि चित्र न उचकटता, वरूनच, नेमकं त्या फुटलेल्या जागेवर तिने बोट ठेवलं. म्हणाली, "ताई, ही इथे कशी आली?"

दादा, तुला काय वाटलं होतं? आपली धाकटी बहीण माझ्या घरी कधी येणारच नाही? की चांगली वस्तू भंगारात टाकवली नाही तुझ्याने?

बायका वाण घेऊन गेल्यावर ती सासूबाईंच्या पायाशी बसली आणि बोलली. नोव्हेंबरमध्ये सुजितने तिला खांद्याला धरून त्या काचेवर आपटलं. कारण काय, तर भाजीत मीठ जास्त. कानामागे टाके पडले. मला सांगितलं होतं, बाथरूममध्ये पाय घसरला, आणि मी तिला हळद-दूध घे म्हणाले होते! टाकीतून पाणी झिरपायला लागलं तेव्हा एका हाताने डोक्याला फडकं धरून तिने मासे बादलीत काढले. सकाळपर्यंत तेही मेले. तिने फोन केला तो तुला. तू चाकणहून गेलास, फरशी पुसून घेतलीस, सुजितशी बाल्कनीत बोललास आणि तिला म्हणालास, "रागाच्या भरात झालं. त्याने शब्द दिलाय. चालवून घे. योगिनीला सांगू नकोस, ती तोंडाळ आहे."

मग डोळ्यांसमोर नको म्हणून टाकी उचलून नेलीस. पुढची काच मागे फिरवलीस. तड्यावर सिलिकॉन, सिलिकॉनवर समुद्र, आणि सगळ्यांत वर तुझं हिरवं स्टिकर.

शनिवारपासून विजू माझ्याकडेच आहे. काल तू तिला फोन केलास तेव्हा मी शेजारीच होते. गुरुवारी तुझी सुट्टी, म्हणून माझ्याच घरी बैठक बसवणार. सुजित आणि त्याचे वडील येणार, तो चार लोकांसमोर माफी मागणार, मग ओटी भरून तिला त्याच्यासोबत पाठवायचं. "दोन महिन्यांत परत हात उचलला का त्याने? नाही ना?" असं तू विचारलंस. नाही उचलला. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "ताई, मी जेवताना फक्त त्याच्या हाताकडे बघत असते." हे तुझ्या कोणत्या टेस्टमध्ये दिसतं?

तेजूला स्थळं बघायचीत, आत्या नवरा सोडून आली म्हटल्यावर दारात कोण येईल, हेही ऐकलं मी. म्हणजे बाहेर थेंब गळता कामा नये, एवढंच.

पप्पा गेले तेव्हा तू कॉलेज सोडून कंपनीत हेल्पर लागलास. आम्हा दोघींना तू वाढवलंस, आमची लग्नं तू केलीस. ते मी विसरले नाही. म्हणून तर इतका संताप येतोय. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर दार लावून मोकळी झाले असते.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. आजारपणापासून त्यांचे शब्द तोंडातच अडकतात, पण हे मात्र स्वच्छ बोलल्या, "पोरीला न्हाई पाठवायचं."

टाकी आज टेम्पोने परत पाठवतेय, हे पत्र आत ठेवून. समुद्र मी सोलून टाकलाय. स्टिकर तसंच आहे. आता एक कर. तुमच्या हॉलमध्ये तेजू झोपते, तिच्या उशाशी ही टाकी लाव आणि काठोकाठ भर. तूच तपासलीस, तूच पास केलीस, मग भीती कसली? तेजूला तिथे झोपव आणि आतल्या खोलीत जाऊन तूही झोप.

झोप लागली, तर गुरुवारी ये आणि माझ्या तोंडावर सांग की विजूला पाठव.

नाही लागली, तरी ये. सुजितला न आणता, एकटा ये. आम्ही दोघी पोलीस चौकीत तक्रार द्यायला जाणार आहोत. तू येवोस न येवोस, जाणार आहोत. पण विजूने काल विचारलं, "दादा असेल का गं बरोबर?"  तुझ्या वतीने हो म्हणायची माझी आता हिंमत नाही.

या वेळी आशीर्वाद मागत नाही.

तुझी तोंडाळ बहीण,
योगिनी