अज्जांनी धरलेली जागा

सोलापूर, मुलींचं वसतिगृह
मंगळवार, सकाळचा सराव संपल्यावर

तीर्थरूप गुरुशांतमामा यांस,

सिद्धेश्वरीचे शरणु शरणार्थी. मी इकडे डाव्या पायाचा अंगठा सोडून सर्व बाजूंनी ठीक आहे. तुमची कंबर कशी आहे? मामी तुम्हाला खताची पोती उचलू देत नसतील, आणि त्या देवळात गेल्या की तुम्ही उचलत असाल, हेही मला माहीत आहे. उचलू नका. तुमच्या कंबरेमुळेच हे सगळं रामायण झालं आहे, ते कसं ते पुढे येईलच.

आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनच करणार होते. पण तुमची फोन घ्यायची पद्धत अशी की आधी स्पीकर लावायचा आणि मग "बोल की" म्हणायचं. मग दुकानात युरियाला आलेली चार गिऱ्हाइकं, समोरचा सायकलवाला आणि पोत्यावर बसलेले अज्जा, सगळे मिळून माझं ऐकतात आणि सगळे मिळून मला सल्ला देतात. (मागच्या वेळी मी अंगठा दुखतो म्हटलं, तर एका अनोळखी माणसानं मला हळदीचा लेप सांगितला. लेप चांगला होता, पण ते असो.) ही गोष्ट अज्जांच्या कानावर जायला नको. तेव्हा पत्र एकट्यानं वाचा, मोठ्यानं वाचू नका, आणि वाचून झाल्यावर गल्ल्यात ठेवू नका, कारण सुट्टे पैसे काढायला अज्जाच गल्ला उघडतात.

तर मुद्द्याची गोष्ट. आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात यंदा आम्ही चौदा मुली आहोत. त्यातल्या पाच नव्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला मात्र बाराच जणी जाणार. आमचे शिवशरण सर जुलैतच म्हणाले होते की सुरुवातीचे तीन सामने मैत्रीचे आहेत, त्यांत नव्या मुलींना खेळवून बघू, आणि तिसऱ्या सामन्यानंतरच्या सोमवारी यादी लावू. ती यादी माझ्यासाठी काय आहे ते तुम्हाला सांगायला नको, कारण वसतिगृहाच्या अर्जावर पालक म्हणून तुमचीच सही आहे. अप्पांची अट तुमच्या देखतच ठरली होती. यादीत नाव लागलं तर वसतिगृह, नाही लागलं तर रोज मंगळवेढ्याहून एस.टी.नं ये-जा. आता पहिली गाडी सोलापूरला पोचते आठला आणि आमचा सराव संपतो साडेसातला. म्हणजे यादीतून नाव गेलं की नुसती ही स्पर्धा नाही, बास्केटबॉलच गेला. पुन्हा पुढच्या वर्षी बघू वगैरे काही नाही.

पहिला सामना बार्शीला झाला. त्याचं कोणाला सांगू नका. शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा सर म्हणाले, "सिद्धेश्वरी, चल." मी इतकी घाईनं उठले की अंगावरची ट्रॅकपँट बूट न काढताच ओढली. ती एका बुटाला अडकली. दुसऱ्या पायानं ती दाबून धरायला गेले, तर दुसऱ्या बुटाचीही तीच गत झाली. मग काव्यानं (ही बार्शीचीच, नवीच, माझ्या खोलीत राहते) एक पाय धरला आणि सरांनी नाइलाजानं दुसरा. पंच म्हणाले, कपडे नीट करून या, तोवर सामना थांबणार नाही. कपडे नीट झाले आणि शिट्टी वाजली. माझा खेळण्याचा वेळ शून्य मिनिटं, शून्य सेकंद. अंगठ्याचं दुखणं तेव्हाचंच आहे. तेव्हापासून मी थंडी वाजली तरी चालेल, पण हाफपँटवरच बसते.

दुसरा सामना गेल्या शनिवारी आमच्याच मैदानावर, कुर्डुवाडीच्या संघाशी. याला आपली माणसं आली, तुमच्याच टेम्पोतून, अकरा जणं. तुम्ही तेवढे कंबरेमुळे राहिलात, म्हणून अज्जांना आवरणारं कोणी नव्हतं, आणि तुम्हाला फक्त अज्जांची बाजू कळलेली आहे. आता माझी ऐका.

झालं असं की आमचा राखीव खेळाडूंचा लाकडी बाक आदल्या दिवशी मोडला. मग कॉलेजच्या शिपाई गिरिजाबाई यांनी सभागृहातल्या खुर्च्या आणून मांडल्या. सभागृहात नुकताच कुणाचा तरी सत्कार झाला होता, म्हणून खुर्च्यांवर पांढरे अभ्रे आणि मागे लाल फिती तशाच होत्या. मी बसले सरांच्या शेजारच्या खुर्चीवर. सरांनी प्रत्येकीला एकेक नवा टॉवेल दिला, तो मी खांद्यावर घेतला. हातात पाण्याची बाटली. आता मामा, तुम्हीच सांगा, लांबून हे काय दिसेल? समोर आमची कप्तान प्रियदर्शनीताई घामाघूम होऊन पळते आहे, सर तिच्या नावानं ओरडताहेत, आणि मी अभ्र्याच्या खुर्चीवर, अंगावर शाल घेऊन, साहेबांच्या शेजारी बसलेली. अज्जांनी पायरीवर बसल्या बसल्या निष्कर्ष काढला. तुमच्या बहिणीनं, म्हणजे अव्वानं, मला नंतर सांगितलं, ते शेजारच्या माणसाला म्हणत होते, "ती खुर्चीवर हाय न्हवं, ती आमची नात. पयल्याच वर्साला मान दिलाय बघा. ह्या पळणाऱ्या पोरी अजून शिकायला हायत." शेजारचा माणूस म्हणजे प्रियदर्शनीताईचे वडील होते.

तीन क्वार्टर संपले, चौथाही संपत आला, आणि मी मान घेऊन बसलेलीच. एक मिनिट पन्नास सेकंद राहिले तेव्हा सर म्हणाले, "ऊठ, प्रियाच्या जागी जा." मी टॉवेल टाकला आणि धावले. आणि मागून अज्जांचा आवाज आला. चाळीस वर्षं बाजार समितीत मापं मोठ्यानं पुकारलेला माणूस, तो आवाज तुम्हाला माहीत आहे.

"ओ मास्तर! पोरीला का उठिवलं? काय चुकलं तिचं?"

अख्खं मैदान बघायला लागलं. अज्जा पायऱ्या उतरून थेट माझ्या खुर्चीपाशी आले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी. तेवढ्यात प्रियदर्शनीताई दमून बसायला आली. अज्जा म्हणाले, "हितं न्हाई बसायचं, बाई. ही जागा धरल्याली हाय." ताई मोठी सभ्य आहे, ती उभीच राहिली. (सामन्यात छत्तीस मिनिटं खेळून उभी. आता ती मला सरावाला भेटली की हसून बघते, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट आहे.) सर अज्जांना समजवायला वळले. आपली उरलेली दहा माणसं अज्जांना आवरायला की साथ द्यायला, पण खाली आली. हे सगळं मी मैदानाच्या मध्ये उभी राहून बघत होते, आणि काव्यानं दिलेला चेंडू माझ्या खांद्यावर आपटून बाहेर गेला.

मला इतका राग आला म्हणून सांगू! अज्जांचा नाही, माझा. बार्शीला ट्रॅकपँट, इथे खांदा. मी ठरवलं की आता खुर्ची गेली खड्ड्यात, तिकडे बघायचंच नाही. कुर्डुवाडीच्या उंच मुलीनं चेंडू आपटत आणला, मी खालून हात घातला, चेंडू काढला, एकटी पळत गेले आणि बास्केट केली. मामा, कॉलेजसाठी माझी पहिली बास्केट. दोन गुण. चेंडू जाळीतून पडला आणि मी वळून बघितलं, तर माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. अव्वा, अप्पा, अज्जा, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. सरांचीसुद्धा. सगळे खुर्चीभोवती. मंगळवेढ्याहून अकरा माणसं ज्यासाठी आली, ते झालं, आणि ते फक्त गुण लिहिणाऱ्या मुलानं बघितलं. मग खेळ थांबल्या थांबल्या सरांनी भांडण मिटावं म्हणून मलाच परत बोलावलं. अज्जांनी टोपी उचलली, खुर्ची धोतराच्या सोग्यानं पुसली आणि म्हणाले, "कुंद्रव्वा, कुंद्र." (त्यांचं मन भरून आलं की मराठी संपतं आणि कन्नड सुरू होतं.) मी बसले. एकूण वेळ एक मिनिट दहा सेकंद.

आता मंगळवेढ्यात काय पसरलं आहे ते तुम्हीच रोज दुकानात ऐकत असाल. पोरीला चुकून उठवलं होतं, अज्जांनी जाब विचारून जागा परत मिळवून दिली. अप्पांनी तर काल फोन केला आणि म्हणाले, यादीचं काय एवढं, साहेबांच्या शेजारी बसणारीचं नाव पहिलंच असणार. मामा, ज्यांना दोन सामन्यांत सत्तर सेकंद मिळाले त्यांचं नाव यादीत नसतं. सोमवारी ते कळेल तेव्हा अप्पा आधी टेम्पो पाठवतील आणि मग कारण विचारतील.

मी अज्जांना फोनवर खरं सांगणार होते, की राखीव म्हणजे काय आणि खुर्ची म्हणजे काय. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. मला आठवलं की अज्जा मापाडी होते. काटा समोर, धान्याच्या राशीत उभे, आणि खुर्चीवर आडते. चाळीस वर्षांत त्यांना तिथे कोणी बसा म्हटलं नाही. आजसुद्धा तुमच्या दुकानात, पोटच्या पोराच्या दुकानात, खुर्ची रिकामी असली तरी ते पोत्यावरच बसतात. त्या माणसाला नात खुर्चीवर दिसली आणि त्यांनी स्वतःची टोपी काढून ती जागा धरली. बोडक्या डोक्यानं चारचौघांत उभे राहिले, जे ते कधी राहत नाहीत. आता मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू, की अज्जा, ती खेळायला न घेतलेल्या पोरींची जागा असते? मला नाही सांगवत. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू.

पण म्हणून मी बसून राहणार नाही. रविवारपासून मी पावणेपाचला मैदानावर जाते. सरांची मोटारसायकल येईपर्यंत माझे शंभर फ्री थ्रो झालेले असतात. (त्यातले एकसष्ट आत जातात. काव्या म्हणते अठ्ठावन्न. ती मोजताना जांभया देते.) ट्रॅकपँट मी काव्याला देऊन टाकली. गुणपत्रकाचा फोटो काढून ठेवला आहे, चौदा नंबर, दोन गुण, कोणी बघितलं नसलं तरी लिहिलेलं आहे. येत्या शनिवारी सांगोल्याच्या संघाशी तिसरा सामना आहे, चार वाजता, आमच्याच मैदानावर, आणि मी पहिल्या पाचांत आहे. काळजी करू नका. मामींना नमस्कार. कंबरेला जपा.

आपली भाची,
सिद्धेश्वरी

ता. क. शनिवारी अज्जांना घेऊन या. काहीही करून आणा, आणि या वेळी तुम्हीही या, टेम्पोत मागे गादी टाका. बाक दुरुस्त होऊन आला आहे, पण मी गिरिजाबाईंना गाठून अभ्र्याची एक खुर्ची सांगून ठेवली आहे, लाल फितीसकट. ती सरांच्या शेजारी मांडायची आणि तिच्यावर अज्जांना बसवायचं. सरांना विचारलं. ते म्हणाले, "बसू दे, मैत्रीचाच सामना आहे. पण टोपी डोक्यावर राहिली पाहिजे." अज्जांना मी बोलावलं म्हणू नका, नाहीतर पोत्यावरून हलणार नाहीत. सरांनी मानानं बोलावलंय म्हणा. गिरिजाबाईंसाठी शेंगाची चटणी आणा, अव्वाच्या हातची, मोठा डबा. खुर्ची त्या बोलीवर आहे.

ता. क. २. वर मी पहिल्या पाचांत आहे असं लिहिलं, ते अगदी तसं नाही. मी सरांना म्हटलं, मला पहिल्यापासून खेळवा, आणि सर म्हणाले, "बघू." पण त्यांनी ते "बघू" गुणपत्रकाचा फोटो नीट बघून झाल्यावर म्हटलं. काव्याला ते नुसतं वाऱ्यावर म्हणाले होते. समजा पहिल्या पाचांत नाही घेतलं, तर मी अज्जांच्या शेजारी बाकावर बसेन, आणि खेळ काय असतो ते त्यांना तिथेच समजावून सांगेन, वेळ असेलच. पण मी उठणार, मामा. पहिल्या मिनिटाला नाहीतर विसाव्याला, सरांना मला उठवावंच लागेल. तेवढं टेम्पोतच अज्जांच्या डोक्यात घालून ठेवा, की मी उठले म्हणजे माझं काही चुकलेलं नाही, आरडाओरडा करायचा नाही, आणि मागे वळून खुर्चीकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं. खुर्ची कोणी नेत नाही. ती त्यांच्याच खाली असेल.