कामगारांची भीती घालवण्याचा माझा कार्यक्रम

९ जून, सोमवार
हॉटेलातलं दोन दिवसांचं मॅनेजमेंट ट्रेनिंग संपलं. विषय: बदल आणि भावना. जेवण उत्तम. नवीन यंत्र आलं की माणूस घाबरतो आणि कबूल करत नाही, हे शिकलो. आमच्या वडगावच्या कारखान्यातले चौदा कामगार डोळ्यांसमोर आले. बिचारे.

१२ जून
कॉम्प्युटरवाला माग बसला. पडद्यावर बोट लावायचं, की साडीचं डिझाइन आपोआप विणलं जातं. तीस तारखेला व्यापारी बघायला येणार. मालक तम्मण्णा म्हणाले, नागेंद्र, त्या दिवशी माग तुम्ही चालवायचा. जमलं तर नवीन शेडचा कारभार तुमच्याकडं. जमलं तर! वीस वर्षं मॅनेजर आहे मी. इंजिनिअर शिकवायला थांबला होता. आधी कामगारांच्या मनाची तयारी, म्हणून त्याला वाटेला लावलं.

१६ जून, सकाळी १०
मीटिंग. विषय: तुमच्या मनातली भीती. कुणी बोलेना. म्हणजे भीती खोल आहे. शेवटी सुताच्या कांड्या भरणाऱ्या रुक्माबाई म्हणाल्या, भ्या कसलं सायेब, यंत्राला हात लावू द्या की. ट्रेनिंगमध्ये यालाच डिनायल म्हणाले होते. हात लावू दिला नाही.

१९ जून
आज मागापाशी बसणारच होतो. पण भावनांचा तक्ता जास्त अर्जंट. कामावर आल्यावर प्रत्येकानं मूडप्रमाणे रंगीत टिकली लावायची. सहा पाकिटं आणली. संध्याकाळी तक्ता कोरा. टिकल्या बायकांनी घरी नेल्या.

२४ जून
उद्यापासून नक्की. पहाटे पाचला.

२५ जून
अमावास्या निघाली. आमच्याकडे अमावास्येला माग बंद, फक्त नारळ फोडायचा. कामगारांच्या श्रद्धेचा मान राखून शिकणं रद्द केलं. दुपारी कारखान्यात विसरलेली छत्री आणायला गेलो, तर रुक्माबाई पडद्यासमोर! फोनवर तोच इंजिनिअर हिंदीत सांगत होता. अमावास्येची आठवण करून दिली. म्हणाल्या, माग बंदच हाय की. डोस्कं बंद ठिवायला कुणी सांगितलंय? लोकांत श्रद्धा म्हणून उरली नाही.

३० जून
व्यापारी आले. बदलावर चाळीस मिनिटं बोललो. दोघांनी डोळे मिटून ऐकलं. मग मालक म्हणाले, चालवा. बोट लावलं. लाल अक्षरं आली. दुसरीकडे लावलं, भोंगा वाजला. चष्मा पुसून बघितला, बहुधा नंबर बदललाय. रुक्माबाईंनी पदर खोचला, पडद्यावर दोनदा बोट फिरवलं आणि माग धडधडायला लागला. काठावर मोर उमटू लागला. व्यापारी उभे राहून बघत होते. मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

१ जुलै
नवीन शेड रुक्माबाईंकडे. मला त्यांच्या हाताखाली शिकायला बसवलंय. त्यांनी हळूच विचारलं, भ्या वाटतंय व्हय, सायेब? इकडेतिकडे बघितलं. जवळ कुणी नव्हतं. व्हय म्हणालो. म्हणाल्या, वाटू दे, मलाबी वाटलं हुतं. उद्या बरोबर आठला या.
हजेरी आता त्याच घेतात.