पाळणा माझ्याच गाडीतून

८ जून, रविवार

वीस वर्षांपूर्वी ओरोझबेक म्हणाला होता, बुरुल, तू नुसती बस, गाडीचं मी बघतो. मी बसले. पुढे तो दुसरीकडे राहायला गेला आणि ही जुनी रशियन गाडी माझ्याकडे राहिली. त्याला जीप घ्यायची होती, म्हणून. यात त्याचा मोठेपणा वगैरे काही नाही.

आज ठरवलं. यापुढे गाडीचं मी बघणार.

एकवीस तारखेला माझ्या लेकीच्या, मीरिमच्या बाळाला पाळण्यात घालायचं आहे. आम्हा किर्गिझ लोकांत पाळणा मुलीच्या आईनेच न्यायचा असतो. ओरोझबेकचा फोन आला होता. म्हणाला, पाळणा माझ्या जीपवर टाक, तूही चल, चोल्पोनला चालेल. चोल्पोन म्हणजे त्याची आताची बायको. तिला चालेल. मला नाही चालणार. नारीनहून दोलोन घाट ओलांडून कोचकोरला मी माझ्या गाडीने जाणार. विहीणबाईंच्या अंगणात उतरणार ती स्वतःचं दार स्वतः उघडून, टपावर पाळणा बांधलेला. आणि नातवाला पाळण्यात ठेवणारा पहिला हात माझा. बाकी मला काही नको.

गाडी उत्तम आहे. फक्त सकाळी जरा खोकते. फोनवर एकाचा व्हिडिओ पाहिला. पेट्रोलचा फिल्टर बदलायचा, कार्ब्युरेटर साफ करायचा. तासाभराचं काम. जिला मखमलीच्या पडद्याला एकसारख्या चुण्या घालता येतात, तिला चार स्क्रू काय जड.

९ जून

काम फत्ते. आधी टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं. व्हिडिओत हे नव्हतं, ही माझी सुधारणा. घरातल्या मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवलं. कॅन विसळून घेतला होता, मी काही अडाणी नाही. कार्ब्युरेटरची बारीक भोकं शिवणाच्या सुईने साफ केली. नवा फिल्टर बसवला. पेट्रोल परत टाकीत.

एक वॉशर उरला. जादाचा देत असावेत.

संध्याकाळी चावी फिरवली. घरघर, एक ठसका, बंद. एवढी स्वच्छता तिला नवीन आहे. सवय व्हायला वेळ लागेल.

१० जून

सकाळी पुन्हा तेच. इंजिन धरतं, दोन श्वास घेतं, सोडतं.

शेजारची उमुतकान कुंपणावर हात टेकून उभी. म्हणाली, काय गं बुरुल, गाडीला उठवते आहेस की झोपवते आहेस? माझ्या दिराला पाठवू? म्हटलं, बॅटरी आहे, दुसरं काही नाही. ती म्हणाली, कालपर्यंत हीच बॅटरी नव्हती का? काही लोकांना दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

संकल्प: उमुतकानशी गाडी हा विषय बंद.

१२ जून

बॅटरी चार्ज केली. स्टार्टर आता असा फिरतो की ऐकत राहावं. इंजिन चालू होत नाही, पण स्टार्टरमध्ये निश्चित प्रगती आहे.

१३ जून

प्लग काढले. ओले. म्हणजे पेट्रोल व्यवस्थित पोचतं आहे. म्हणजे ज्या बाजूला मी हात लावला ती बाजू निर्दोष. दोष असणार तो मी हात न लावलेल्या बाजूला. हे सगळं मी एकटीने शोधून काढलं.

प्लगना पेट्रोलचा वास फारसा आला नाही, पण मला सर्दी आहे.

दात घासायच्या जुन्या ब्रशने प्लग घासले. परत बसवले. काही नाही.

मीरिमचा फोन. मागे बाळाची उचकी ऐकू येत होती. तिने विचारलं, आई, तू बाबांबरोबरच येतेस ना? म्हटलं, गाडीचं सर्व्हिसिंग चालू आहे. हे खोटं नाही. ती म्हणाली, तू कशानेही ये, पण ये. या पोरीला बोलताना शब्द निवडायची सवयच नाही. कशानेही काय.

फोन ठेवल्यावर बराच वेळ उचकीच ऐकू येत राहिली. तिची बहुतेक तशीच होती, लहानपणी. आता नीट आठवत नाही, याचं वाईट वाटलं.

१५ जून

उमुतकान आली. म्हणाली, माझा कॅन दे बाई, उद्या कुरणावरून ताजं कुमिस येतंय. म्हटलं, कुठला कॅन? म्हणाली, गेल्या महिन्यात कुमिस भरून दिला होता तो. घोडीचं दूध आंबवून पाठवलं तर निदान भांडं तरी परत करायचं माणसाने.

कॅन अंगणातच होता. तिने झाकण काढून हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. मग पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, गाडीला कुमिस पाजलंस गं? आता ती गाणी म्हणेल. चालायची नाही.

मी म्हटलं, विसळला होता. ती म्हणाली, आमच्या कुमिसाचा कॅन तीनदा उकळत्या पाण्याने धुतला तरी त्यात चहा ठेवता येत नाही, हे नारीनमध्ये जन्मलेल्या बाईला मी सांगायचं?

तिच्यासमोरच फिल्टर उघडला. आत पांढऱ्या कण्या, दूध फुटल्यासारख्या. सर्दीतूनही आंबूस वास आला.

ती म्हणाली, टाकी उतरवून धुवायला हवी, तळाशी पाणी बसलं असेल. माझा विचार वेगळा आहे. कण्या फिल्टरने अडवल्या. म्हणजे फिल्टर काम करतो. म्हणजे मी तो बरोबर बसवला होता.

जाताना तिला सांगितलं, हे कुणाला बोलू नकोस. ती म्हणाली, छे, मी कुणाला सांगणार.

१६ जून

पावाच्या दुकानात बाईने विचारलं, घोडी कशी आहे?

१७ जून

आणखी एक नवा फिल्टर. कार्ब्युरेटर पुन्हा साफ. चावी फिरवली आणि लागली. एका झटक्यात. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तशीच बसून राहिले, उगाच.

बाजारापर्यंत गेले, परत आले. पावाच्या दुकानासमोरून मुद्दाम सावकाश. नदीवरच्या चढाला दोनदा अडखळली, पण आपल्याकडची हवाच विरळ आहे, माणसंही अडखळतात. टाकी उतरवायची काही गरज नाही. तळाशी चमचाभर काही असलंच तर राहील तिथेच. तळाशी राहण्याने कुणाचं काय बिघडतं.

ओरोझबेकला फोन केला. सांगितलं, माझी मी येते. तो म्हणाला, नक्की? घाटाचा चढ आहे. म्हटलं, घाट मला माहीत आहे. म्हणाला, बरं, चोल्पोनच्या मावश्या मागे लागल्यात, त्यांना बसवतो मग. म्हटलं, बसव की.

२० जून

पाळण्याची गादी पूर्ण झाली. कड तीनदा उसवली. शेवटच्या वेळी उसवायची गरज नव्हती, पण हाताला काहीतरी हवं होतं. उशी इतकीशी आहे की माझ्या तळहातावर मावते.

पाळणा टपावर बांधून पाहिला. अंगणाच्या दारातून गाडीकडे पाहिलं. फार छान दिसते.

विहीणबाईंचा निरोप: दुपारी बाराला म्हणजे बाराला. मागच्या वर्षी मीरिमच्या लग्नात नवरदेवाची आत्या उशिरा आली, तर तिच्यासाठी थांबल्या नव्हत्या. शिस्तीच्या बाई आहेत. मला आवडतात.

उमुतकान कुंपणावरून म्हणाली, दिराची गाडी मागून येऊ दे का, नुसती सोबत म्हणून? म्हटलं, कशाला. ती या वेळी हसली नाही. हे मला आवडलं नाही.

२१ जून, सकाळ

पहिल्याच चावीला लागली. निघते. पाळण्यावर चादर घातली आहे, धूळ बसू नये म्हणून.

२१ जून, घाटात

अर्ध्या चढावर आहे. गाडी आचके देत देत थांबली. चढावर टाकीतलं सगळं मागे जात असणार, आणि त्याबरोबर तळाचंही. एवढं मला कळतं.

ओरोझबेकची जीप मागून आली. थांबला. बॉनेट उघडून वाकला, वास घेतला, आणि बॉनेट लावून टाकलं. त्याला कुणी सांगितलं असेल, असा संशय आहे. जीपमध्ये तो, चोल्पोन, तीन मावश्या आणि मागे मेंढी. मावश्या काचेतून बघत होत्या. एकीने विचारलं, हीच का ती?

चोल्पोन खाली उतरली. म्हणाली, ताई, माझ्या जागेवर तुम्ही बसा. मी मागून एखाद्या ट्रकने येते, माझं काही अडत नाही. मी म्हटलं, नको, इंजिन तापलंय, थंड झालं की लागेल. ती पुन्हा म्हणाली, बसा ना. या वेळी तिने माझी बाही धरली. चांगल्या शिलाईची बाही आहे, मी हळूच सोडवून घेतली. म्हटलं, तुम्ही पाळणा घेऊन पुढे व्हा, मी आलेच मागोमाग.

ओरोझबेकने पाळणा जीपवर बांधला. गाठी कच्च्या वाटल्या. मी पुन्हा बांधल्या. गेले.

इंजिन केव्हाच थंड झालं आहे.

कोचकोरकडे जाणारा एक ट्रक थांबला होता. ड्रायव्हर म्हणाला, चला. मी म्हटलं, गाडी अशी सोडून कशी येऊ? आता वाटतं, कुणी नेली असती हिला? कुठपर्यंत? ट्रकला जाऊन बराच वेळ झाला. नंतर वर जाणारं काहीच आलं नाही. खाली उतरणारे सगळे हात दाखवून जातात.

पाळणा आता पोचला असेल. मटण पातेल्यात, माणसं अंगणात. बाळाला न्हाऊ घातलं असेल. मीरिम दाराकडे बघत असेल, नाहीतर नसेल बघत, ती आता आई आहे, तिला कामं आहेत.

विहीणबाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. म्हणून मेसेज लिहिला आहे. त्या थांबणार नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही थांबले नसते, वर चार माणसांत बोलूनही दाखवलं असतं. तरी पाठवते आहे.

विहीणबाई, मी घाटात अडकले आहे. चूक माझीच आहे. बाळाला पाळण्यात घालायचं मी येईपर्यंत थांबवाल का?